बारा शेवटांची जाहिरात आणि नाकारलेला परतावा : तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : रोल-प्लेइंग गेमच्या दिशाभूल करणाऱ्या वर्णनाबाबत व किमतीचा परतावा मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचा रोल-प्लेइंग गेम (कथेतल्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम) मी आपल्याच संकेतस्थळावरून पूर्ण किंमत देऊन विकत घेतला. विक्रीच्या पानावर ‘तुमच्या निर्णयांनुसार बारा स्वतंत्र शेवट’ असे ठळकपणे लिहिले होते आणि मी तो घेतला तो त्या एका ओळीमुळेच. नुसत्या चांगल्या लढाया याहून स्वस्तात मिळतात.

माझी मुलगी आणि मी, दोघींनी हा गेम वेगवेगळ्या खात्यांवरून शेवटपर्यंत खेळला. नदीकाठच्या गावातील सावकाराला तिने जीवदान दिले, मी त्याला मारले. बंडखोरांशी तिने तह केला, मी त्यांना राजाच्या हवाली केले. तरीही अखेरच्या लढाईनंतर दोघींपुढे तेच तीन पर्याय आले आणि कोणताही निवडला तरी तीच चित्रफीत सुरू झाली. बदलला तो फक्त आकाशाचा रंग आणि निवेदकाची एकदोन वाक्ये. मी मारलेला सावकार माझ्या शेवटात राज्याभिषेकाला हजर होता, हे तर विशेषच. बारा हा आकडा कुठून आला, तेही मग उमगले. तीन पर्याय आणि चार साथीदार. त्यांपैकी जो सोबत असेल तो चित्रफितीत कोपऱ्यात उभा दिसतो. गुणाकार बरोबर आहे, पण त्याला स्वतंत्र शेवट म्हणत नाहीत.

कथेची प्रत्येक शाखा वेगळी लिहावी, ध्वनिमुद्रित करावी आणि तपासावी लागते, आणि बहुतेक खेळाडू त्यातली एकच पाहतात, याची मला कल्पना आहे. म्हणूनच बाराचा हट्ट माझा नाही. तो आकडा आपण छापला. कमी खर्चाचे मार्गही जुनेच आहेत. १९९५ च्या ‘क्रोनो ट्रिगर’ या गेममध्ये अंतिम शत्रूला कथेच्या कोणत्या टप्प्यावर गाठले यावर शेवट ठरत असे आणि एकदा गेम संपवला की कमावलेली ताकद घेऊन पुन्हा सुरुवात करता येई. ‘फॉलआउट : न्यू वेगास’ने २०१० मध्ये प्रत्येक वस्तीचे व साथीदाराचे पुढे काय झाले, हे स्थिर चित्रे आणि निवेदन यांवर भागवले. २०१२ मध्ये ‘मास इफेक्ट ३’च्या शेवटावर खेळाडू संतापले, तेव्हा काही महिन्यांतच विस्तारित शेवट विनामूल्य देण्यात आला. आपण मात्र एकच स्वयंचलित सेव्ह (खेळ कुठवर आला याची नोंद) ठेवला आहे, जो दर वेळी आधीचा पुसून टाकतो, त्यामुळे मागे जाऊन वेगळा निर्णय घेता येत नाही, आणि ‘खरा शेवट’ आता वेगळे पैसे घेऊन विकायला काढला आहे.

परतावा मागितल्यावर ‘दोन तासांहून अधिक खेळल्यामुळे विनंती अमान्य’ असे यंत्राने पाठवलेले उत्तर आले. गेम सुरूच होत नाही किंवा अडखळतो, अशा दोषांसाठी ही मर्यादा समजण्यासारखी आहे. पण शेवटाविषयीचे आश्वासन खोटे आहे हे शेवटापर्यंत गेल्याशिवाय कळणार कसे? आपला नियम जसाच्या तसा लावला, तर या दोषाची वैध तक्रार कोणताही ग्राहक कधीच करू शकणार नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचे खोटे वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते, आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे आपण तक्रारीची पोच ४८ तासांत देऊन एका महिन्यात तिचे निवारण करणे अपेक्षित आहे. त्या मुदतीत मला पूर्ण किंमत परत मिळावी आणि विक्रीच्या पानावरील ती ओळ काढावी. परताव्याऐवजी ‘खरा शेवट’ फुकट देऊ केल्यास तो मला मान्य नाही. मात्र ज्यांना हा गेम ठेवायचा आहे, त्या सर्वांना तो शेवट विनाशुल्क द्यावा.

तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. ग्राहकाला राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करता येत असल्याने त्यासाठी मला आपल्या मुख्यालयाच्या शहरात यावे लागणार नाही. खरेदीची पावती, विक्रीच्या पानाचे छायाचित्र आणि आम्हा दोघींच्या शेवटांचे चित्रण सोबत जोडले आहे.

आपली,
एक ग्राहक
नेरूळ, नवी मुंबई