लपलेत म्हणजे आजारी नाहीत

पुणे, १८ जून

प्रिय नंदू,

काल रात्री फोनवर तू तुझ्या टँकमधल्या नव्या लोच माशांबद्दल म्हणालास, "तिसरा दिवस झाला, पाचातला एकही लोच दिसत नाही, आणि आत्ता टॉर्च मारला तर एक आडवा पडलाय." तुझा आवाज इतका उतरला होता की घाईघाईत मला नीट काही सांगताच आलं नाही. म्हणून सकाळचा चहा झाल्या झाल्या लिहायला बसलोय.

आधी त्या आडव्या पडलेल्याबद्दल. अरे, हे मासे असेच झोपतात. कुशीवर, दगडाच्या फटीत उभे, कधी चक्क उताणे. तू फक्त कल्ले बघ. उघडझाप संथ आणि एका लयीत चालली असेल, अंगावरचे पट्टे ठसठशीत असतील, तर तो झोपलाय. कल्ले धपापत असतील, पंख अंगाला चिकटवून धरले असतील किंवा अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले, तर मात्र रात्रीचे दोन वाजले तरी मला फोन कर.

तू आणलेले झेब्रा लोच, म्हणजे बोटिया स्ट्रायाटा, आपल्याच पाण्यातले आहेत हे तुला दुकानात कुणी सांगितलं नसणार. कोल्हापूरकडच्या पंचगंगेपासून कर्नाटकातल्या तुंगेपर्यंत, कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातलं हे लेकरू. सी. आर. नारायण राव यांनी १९२० साली तुंगेतल्या माशावरून त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. सह्याद्रीच्या नद्या सोडून जगात दुसरीकडे कुठेही हा सापडत नाही आणि आज त्याची गणना धोक्यातल्या जातींमध्ये होते. बाजारात येतात ते बहुतेक नदीतून पकडलेले. म्हणजे बघ, वाहतं थंड पाणी आणि दगडांची सावली सोडून ते जाळ्यात आले, मग व्यापाऱ्याच्या हौदात, मग पिशवीत, मग दुकानाच्या उघड्याबोडक्या काचेत, आणि तिथून पुन्हा पिशवीतून कऱ्हाडला तुझ्या घरी. तीन दिवसांत ते समोर येऊन कसे नाचतील? मला तर ते लपतात याचंच बरं वाटतं. अंगात त्राण असलेला लोच लपतो. टँकच्या मधोमध उघड्यावर सुस्त बसून राहणाऱ्याची मला जास्त काळजी वाटते.

हे मी फार महागात शिकलोय. पाच वर्षांपूर्वी असेच सहा आणले होते. दुकानदाराने जाळीने काढले, त्यात एकाच्या डोळ्याखालचा काटा जाळीत अडकला. या माशांना डोळ्याच्या खाली एक दुटोकी काटा असतो, घाबरले की तो बाहेर येतो. ओढाताणीत त्याच्या गालाला जखम झाली. मी घरी आलो आणि उत्साहाच्या भरात, दिवा लख्ख चालू असतानाच, पिशवी टँकमध्ये ओतली. आठवड्यात व्हाइट स्पॉट आला, म्हणजे तोच मीठ भुरभुरल्यासारख्या ठिपक्यांचा रोग. बाटलीवर लिहिलेला डोस पुरा टाकला. लोचचे खवले इतके बारीक आणि कातडीत रुतलेले असतात की औषध त्यांना इतर माशांपेक्षा लवकर बाधतं, हे मला ठाऊक नव्हतं. चार गेले. उरलेले दोघं अजून आहेत, आणि त्यांना बघताना प्रत्येक वेळी ते चौघंही आठवतात.

म्हणून तुला हात जोडून सांगतो, तो दगड उचलून बघणं थांबव. तू दिवसातून तीनदा उचलतोस असं वहिनी म्हणाल्या. माशांना कळलं पाहिजे की या दगडाखाली आपल्याला कुणी हात लावत नाही. हा भरवसा एकदा बसला की ते आपणहून बाहेर येतात. आणखी आडोसे दे. मातीच्या पणत्या, फुटक्या कुंडीचे धार घासून घेतलेले तुकडे, नारळाची करवंटी उकळून. पाचांना पाचापेक्षा जास्त जागा हव्यात, नाहीतर एकाच फटीवरून भांडतात. भांडताना त्यांचा रंग करडा पडतो, त्याने घाबरू नकोस, थोड्या वेळाने पट्टे परत येतात. पाच आणलेस हे फार चांगलं केलंस. एकटादुकटा लोच खंगतो.

दिवा आठवडाभर लावूच नकोस, खिडकीतला उजेड पुरे. तुझ्या टँकमध्ये बारीक वाळू आहे ना? ती तशीच राहू दे, टोकदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात. फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांध आणि झाकणाच्या फटी बुजव. लोच फार चपळ, नको तिथे शिरतात आणि उडीही मारतात.

खायला मात्र रात्रीच घाल. घरातले दिवे मालवल्यावर अर्ध्या तासाने, तळाला बसणाऱ्या गोळ्या किंवा विरघळवलेले फ्रोझन ब्लडवर्म (बारीक लाल अळ्या), अगदी चिमूटभर. सकाळी उरलेलं नळीने ओढून घे. पोटाकडे लक्ष ठेव. नदीतून आलेल्या माशांच्या पोटात बऱ्याचदा जंत असतात, मग खाऊनही पाठ धारदार दिसते आणि पोट आत जातं. तसं दिसलं तर जंतांचं वेगळं औषध लागतं, ते आपण मिळून बघू. स्वतःहून काही टाकू नकोस.

पाण्याबद्दल एवढंच की तुझा टँक आठ महिने चालू आहे, फिल्टरमध्ये जीवाणूंची वस्ती पक्की झाली आहे, ही मोठी जमेची बाजू. तरी टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट बघ, दोन्ही शून्य हवेत. आता पाऊस सुरू झालाय, नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा क्लोरीनही वाढवतात. आठवड्याला पाव टँकच बदल, तेही अँटी-क्लोरीन घालून, आणि तापमान जुळवून. २४-२५ अंश त्यांना मानवतं. व्हाइट स्पॉट आलाच तर हीटरने रोज एखाद अंश करत २९ पर्यंत ने, एअर पंप जोरात ठेव, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि औषध अर्ध्याच डोसने. ठिपके गेले तरी लगेच थांबू नकोस. हा रोग करणाऱ्या परजीवीचं पिल्लू पाण्यात मोकळं पोहत असतं तेवढ्या वेळेतच औषध त्याला लागू पडतं, अंगावर असताना नाही.

आता तुझं ते शेवटचं वाक्य. "नाहीच रुळले तर प्रीतिसंगमावर सोडून येतो, त्यांचीच नदी आहे." रात्रभर ते माझ्या डोक्यात होतं. तुझी माया कळते रे, पण हे करू नकोस. दुकानाच्या हौदात देशोदेशीचे मासे एका पाण्यात असतात, त्यांचे रोग यांच्या अंगावर असू शकतात. ते कृष्णेत गेले तर तिथे जे थोडे उरलेत त्यांचाही जीव धोक्यात येईल. आणलेत तर आता ते तुझे. नीट सांभाळलेस तर बरीच वर्षं साथ देतील. आणि खरं सांगू, पुढच्या वेळी मीही नदीतून पकडलेले लोच विकत घेणार नाही. माझ्याकडचे दोघं आहेत तेवढे पुरेत.

रविवारी सकाळच्या एसटीने येतो. माझ्या टँकमध्ये गोगलगायी माजल्यात, बाटलीभर घेऊन येईन. लोचना त्या फार आवडतात. गोगलगाय कवचातून ओढून काढताना ते टिक्-टिक् आवाज करतात, काचेला कान लावला तर ऐकू येतो. संध्याकाळी दिवे न लावता आपण दोघं जमिनीवर बसून ऐकू. तोवर दगडाला हात लावू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद