चॉकीवाल्या काकूंचे जाहीर आभार

ती. काकूंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या तोंडावर आभार मानले असते तर "काही मोठं नाही केलं बाप्पा" म्हणून तुम्ही चहाचं आधण ठेवलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. म्हणून सगळ्यांदेखत लिहिते. (चॉकी म्हणजे रेशमाच्या लहान अळ्या वाढवायची काकूंची खोली.) घरात कासव असलेल्या आणखी कुणाच्या कामी आलं तर बरंच.

नागपूरच्या भावाची बदली झाली आणि त्याचा ढेकळ्या आमच्याकडे वर्धा जिल्ह्यात राहायला आला, तेव्हा तो तळहातावर मावत होता. गावाला वाटलं स्टार कासव आहे. ते आपल्या देशातलं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घरी ठेवायला बंदी असलेलं. ढेकळ्या सुलकाटा जातीचा, आफ्रिकेचा. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद आहे आणि ती माझ्या नावावर करून घेतली आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पत्र अर्धं वाचून कुणी वनखात्याला फोन लावायचं. गावातल्या काही जणींनी त्याच्यापुढे नाणी ठेवली, कुणी भेद्रं (टोमॅटो) आणून टाकली. नाणी सासूबाईंनी मंदिराच्या पेटीत टाकली. भेद्रं गाईला घातली, कारण फळं या जातीला मानवत नाहीत.

सल्ल्याला तर तोटा नव्हता. वाळवंटातला जीव आहे, कोरडं ठेवा, पाणी दाखवू नका, विदर्भाचं ऊन त्याला घरच्यासारखं वाटेल, असं जो तो सांगायचा. इकडे त्याच्या पाठीवरचा एकेक खवला वारुळासारखा वर उठायला लागला होता. कुणी म्हणे कॅल्शियम कमी, कुणी म्हणे खुराक जास्त. तुम्ही पाला द्यायला आलात, त्याला उलटासुलटा करून पाहिलंत आणि विचारलंत, "काहून वं, याचं पिल्लू तिकडं कुठी राह्यते?"

काकू, तो प्रश्न तोवर एकानेही विचारला नव्हता. मी शोधलं. सुलकाटा सहाराच्या दक्षिण काठावरचा, साहेल पट्ट्यातला. मोठी कासवं उन्हात हिंडताना दिसतात खरी, पण उन्हाचा कहर झाला की तीही जमिनीत खोल खणलेल्या बिळात शिरतात. पिल्लं तर दिवसातला बहुतेक वेळ बिळात, मातीच्या ओलाव्यात दडून काढतात. वरची हवा कोरडी ठणठणीत असली तरी बिळातली दमट असते. हे सांगितल्यावर तुम्ही हसून म्हणालात, "मंग हे तर माह्या अळ्यावानीच झालं."

तुमच्या चॉकीत मी तोवर कधी शिरले नव्हते. अंड्यातून निघालेल्या रेशीम अळ्यांना पहिल्या दोन अवस्थांत २७-२८ अंश तापमान आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते, आणि त्या मोठ्या होतात तशी तुम्ही ती उतरवत नेता. सुलकाटाच्या पिल्लाचंही गणित जवळपास तेच निघालं: ८० टक्क्यांच्या आसपास दमट हवा, पण ऊब २६-२७ च्या खाली जाऊ द्यायची नाही. दमट आणि गार असं झालं की छातीचं दुखणं आलंच. कासवाला आपल्यासारखं खोकताही येत नाही. नाकाला बुडबुडे दिसले की समजायचं.

पुढे ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी २००३ मध्ये छापलेला एक अभ्यास वाचनात आला. याच जातीची, नुकतीच अंड्यातून निघालेली ५० पिल्लं वेगवेगळ्या आर्द्रतेत वाढवली, खुराकातलं प्रथिनही कमीजास्त केलं. कोरड्या हवेतल्यांची पाठ जास्त उंचसखल झाली, आणि प्रथिनाचा फरक त्यापुढे किरकोळ ठरला. मला पटलेलं कारण असं: खवला आपल्या नखाच्याच द्रव्याचा, केराटिनचा. तो कडेकडेने वाढतो. कडा कोरडी पडून लवकर ताठली की नव्या वाढीला आडवं पसरता येत नाही.

पेटी तुम्हीच उभी करून दिलीत. जुनी लाकडी पेटी, आतून थर्माकोल. तळाला कोकोपीट, खालून ओलं आणि वरून हाताला न चिकटण्याइतकं सुकं. कोपऱ्यात अर्ध्यात फोडलेलं मडकं, हे त्याचं बीळ. चॉकीच्या ट्रेभोवती लावता तशा ओल्या फोमच्या पट्ट्या कडेने, आणि वर झाकायला पॅराफिन पेपर. तुमचा ओला-सुका थर्मामीटरही ठेवून गेलात. दोन नळ्या, एकीच्या बुडाला ओली वात. दोन आकड्यांत अंतर जितकं जास्त तितकी हवा कोरडी, हे तुम्ही मला बोटाने दाखवलंत. नवतपात दुपारी खोलीत सुक्या नळीवर ४० आणि ओल्या नळीवर २२, म्हणजे आर्द्रता वीस टक्के. पेटीत त्याच वेळी ३० आणि २८, म्हणजे पंचाऐंशीच्या घरात. खोली एवढी तापलेली असताना पेटी तिसावर राहिली ती ओल्या फोममुळे आणि वर टाकलेल्या ओल्या बारदान्यामुळे. तो आकडा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला, कुणाला विशेष वाटलं नाही.

कूलरबद्दल तुम्ही बजावलंत तेही लाखमोलाचं. कूलर असावा, पण झोत भिंतीकडे. पिल्लाच्या अंगावर गार ओला वारा नको. पावसाळ्यात फोमच्या पट्ट्या काढायला लावल्यात, नाहीतर बुरशी धरली असती. थंडीत लाइट गेली की गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायच्या आणि वरून कापसाची दुलई, हीही तुमचीच युक्ती. चुन्याची भुकटी तेवढी मी टाकू दिली नाही. अळ्यांच्या बिछान्याला ती चालते, याच्या डोळ्यांना चालली नसती. तुम्ही जरा रागावलात, पण इथे मी ऐकणार नाही.

रोज सकाळी घमेल्यात कोमट पाणी, वरचं आणि खालचं कवच जुळतं तिथवर. तो मान बुडवून पितो आणि त्याच पाण्यात पांढरं टाकतो. ते दह्याइतकं मऊ असलं तर ठीक, रेतीसारखं खरखरीत लागलं की पाणी कमी पडतंय.

आणि पाला! कपाशीच्या धुऱ्यावरचं गवत फवारणीमुळे त्याला घालवत नाही. तुमच्या तुतीवर अळ्यांपायी औषधाचा थेंब पडत नाही, तेव्हा अख्ख्या शिवारात त्याच्यासाठी बिनघोर पाला तेवढाच. दूर्वा आणि जास्वंदीची पानं घरची.

आधी उठलेले उंचवटे बसत नाहीत, बसणारही नाहीत. पण खवल्यांच्या मधली फिकट पट्टी आता रुंदावते आहे आणि तिच्यावरून बोट फिरवलं तर सपाट लागतं. पेटी त्याला लहान पडू लागली आहे. काकू, ही जात ४०-५० किलोपर्यंत सहज जाते आणि खणते. तुतीच्या वाडीला कुंपण घालताना खालून दोन फूट फरशी गाडून घ्या. खर्च आमच्याकडे लागला.

तुमची,
शेजारची सूनबाई