संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी

ठाणे, रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही जरा चिडूनच विचारलेत, की तुमच्या त्या नियोजनवाल्यांना आधी टॉवर आणि मग पाणी असा उलटा क्रम सुचतो तरी कसा. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी फोन ठेवला, म्हणून मी विषय टाळला असे तुम्हाला वाटले असेल. खरे म्हणजे ते दोन वाक्यांत सांगण्यासारखे उत्तर नव्हते. पुढच्या महिन्यात वाशीच्या आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाच्या संमतीपत्रांवर सह्या व्हायच्या आहेत, तेव्हा लिहूनच पाठवावे असे ठरवले. गेली अकरा वर्षे मी विकास योजनांचे नकाशे करणाऱ्या एका सल्लागाराकडे काम करते आहे. निर्णय घेणाऱ्यांच्या खुर्चीत मी कधी बसले नाही. त्यांच्या टेबलावर जो कागद पसरला जातो तो तयार करणाऱ्यांपैकी मी एक, त्यामुळे तिथून दिसते तेवढेच लिहिते.

कागदावर हे काम अगदी शिस्तीचे आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणे आधी विद्यमान भूवापराचा, म्हणजे आज कोणती जमीन कशासाठी वापरली जाते त्याचा, नकाशा करायचा, मग येत्या वीस वर्षांत लोकसंख्या किती होईल याचा अंदाज बांधायचा, त्या लोकसंख्येला लागणाऱ्या शाळा, दवाखाने, मैदाने आणि रस्ते यांसाठी जागा आरक्षित करायच्या, प्रारूप योजना प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवायच्या, त्यांच्यावर सुनावणी घ्यायची आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी मिळवायची. ऐकताना वाटते की प्राधान्यक्रम याच प्रवासात कुठेतरी ठरत असणार. तो थोडासाच ठरतो, आणि तोही बऱ्याचदा कुणाच्या लक्षात येत नाही अशा ठिकाणी.

दोन वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका गावठाणात मी आणि एक तरुण सहकारी भूवापराच्या नोंदी घेत फिरत होतो. उपग्रहाच्या चित्रात एक चौकोन अगदी स्वच्छ, मोकळा दिसत होता, आणि सहकाऱ्याने टॅबवर त्याची 'रिकामी जागा' अशी नोंद करूनही टाकली होती. आम्ही तिथे पोचलो तेव्हा बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, एका कोपऱ्यात जाळी शिवायचे काम चालले होते आणि कडेला मुलांनी विटा रचून स्टंप केले होते. आमच्याकडे बघून एक बाई म्हणाल्या, "रिकामी कुठली? मग आम्ही मासळी काय डोक्यावर वाळवायची?" सहकाऱ्याने निमूटपणे नोंद बदलली. ती तशीच राहिली असती, तर पुढच्या टप्प्यावर आरक्षणासाठी जागा शोधताना सगळ्यांत आधी बोट त्याच चौकोनावर पडले असते, आणि त्यामागे कुणाचाही वाईट हेतू नसता.

दुसरी अशीच अवघड जागा म्हणजे लोकसंख्या. २००१ ते २०११ या दहा वर्षांत ठाणे शहर साडेबारा लाखांवरून १८ लाखांच्या वर गेले आणि नवी मुंबई महापालिका क्षेत्र सात लाखांवरून ११ लाखांच्या वर. त्यानंतर २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे पुढची वीस वर्षे मोजायला जी पट्टी हातात घ्यायची तीच जुनी आहे. अंदाज थोडा कमी धरला की शाळा कमी पडतात आणि जास्त धरला की आरक्षणे वाढून जमीनमालक न्यायालयात जातात. मग पुष्कळदा मधला आकडा धरला जातो. तो हिशेबापेक्षा तडजोडीने आलेला असतो, असे माझे मत आहे.

बाबा, तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र याच्याही पुढे आहे. इमारत आणि तिला लागणाऱ्या सोयी एकाच नकाशावर असल्या, तरी त्यांची घड्याळे वेगळी आहेत. मालक किंवा विकासक नियमांत बसणारा अर्ज घेऊन आला, की कायद्याप्रमाणे त्यावर ६० दिवसांत निर्णय कळवावा लागतो. न कळवल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे. याउलट त्याच रस्त्यावर शाळेसाठी किंवा मैदानासाठी आरक्षित केलेली जमीन ताब्यात घ्यायला प्राधिकरणाला १० वर्षे मिळतात. तेवढ्यात ती घेतली नाही, तर मालक नोटीस देतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाचे पाऊल पडले नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. एका बाजूला ६० दिवस, दुसऱ्या बाजूला १० वर्षे. इमारतीसाठी पैसा खाजगी असतो आणि तिच्यापासून विकास शुल्क व अधिमूल्य यांच्या रूपाने तिजोरीत भरच पडते. शाळेसाठी, जलवाहिनीसाठी तिजोरीतून पैसा काढावा लागतो. त्यामुळे योजनेच्या अहवालात प्राधान्य म्हणून काहीही लिहिलेले असो, खरा क्रम दरवर्षीच्या अर्थसंकल्पात कोणत्या आरक्षणासाठी रक्कम ठेवली यावरून कळतो. मी तर आता कोणतेही शहर समजून घ्यायचे असले, की नकाशाच्या आधी अर्थसंकल्पाचे पुस्तक उघडते.

हा उलटा क्रम तुम्ही दोघांनी स्वतः जगला आहात. १९८१ मध्ये कांदा-बटाटा बाजार मशीद बंदरहून वाशीला हलला आणि गाळ्यावर हिशेब लिहिणारे बाबा त्याच्या मागोमाग आले. पुढे सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, इमारतीत घर मिळाले. पण लोकल वाशीला पोचली ती १९९२ मध्ये. मधली वर्षे खाडीपुलावरच्या बसच्या भरवशावर निघाली, आणि आई, तू मला कडेवर घेऊन त्या थांब्यावर उभी राहायचीस तेव्हा मागे नुसता अंधार असायचा, हे तूच किती वेळा सांगितले आहेस. तेव्हा कुणी टॉवरला दोष देत नव्हते, कारण टॉवरच नव्हते. पण घर आधी आणि गाडी नंतर हा क्रम तेव्हाही होताच.

फरक एवढाच की नवी मुंबईत जमीन एका हातात होती. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांचे मिळून सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र ठरले, आणि जमीन संपादित करून, विकसित करून, भूखंड विकून आलेल्या पैशातून शहर उभारायचे असे सूत्र होते. त्यामुळे तुमच्या सेक्टरमध्ये शाळा, बाजार आणि बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहेत; त्यासाठी कुणा मालकाची मनधरणी करावी लागली नाही. पण जमीन हेच भांडवल असले, की मोकळा भूखंड आणि विकण्याजोगा भूखंड यांत नेहमीच ओढाताण राहते. १९९२ पासून महापालिका आली, नियोजनाचे अधिकार तिच्याकडे गेले, जमीन मात्र बहुतांशी सिडकोचीच राहिली. महापालिकेची स्वतःची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध व्हायला २०२२ उजाडले, आणि तिच्यातल्या आरक्षणांपैकी सिडकोच्या भूखंडांवर पडलेल्या आरक्षणांवरून दोन्ही संस्थांत वाद झाला, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेच असेल.

ठाण्यात उलट आहे. इथे जमीन शेकडो मालकांची, म्हणून बाग हवी असेल तर मालकाला रोख मोबदला द्यायचा किंवा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे त्या जमिनीऐवजी दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा विकता येणारा हक्क, द्यायचा, ज्याला सगळे टीडीआरच म्हणतात. रोख रकमेपेक्षा टीडीआर देणे सोपे, म्हणून तोच दिला जातो, आणि मग एका भागातली बाग दुसऱ्या भागातल्या इमारतीवर चार मजले होऊन उगवते. आमच्या घोडबंदर रस्त्याकडे पाहिले की हे पटते. ठाण्याला स्वतःचे धरण नाही. भातसा नदीवरची स्वतःची योजना, स्टेम हे पाणीपुरवठा प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी येते, आणि आमच्या संकुलात दुपारी टँकरचा पाइप लागला की घरातली कामवाली मावशीसुद्धा घड्याळ बघत नाही. नवी मुंबईने २००२ मध्ये मोरबे धरण विकत घेतले. माझ्या मते या पट्ट्यात घरांच्या वाढीसाठी घेतलेला तो सगळ्यांत दूरदृष्टीचा निर्णय होता, आणि गंमत म्हणजे तो कोणत्याही आरक्षणाच्या यादीत दिसत नाही.

आई, तुझा प्रश्न वेगळा होता: वाशीच्या जुहूगावातल्या मासळीवालीचे घर बेकायदा कसे, ती तर आपल्या आधीपासून तिथे आहे. नवीन शहराचा हिशेब करताना बाहेरून किती लोक येतील हे मोजले गेले, पण गावातल्या मुलांची लग्ने होतील, त्यांना खोल्या लागतील, हे फारसे मोजले गेले नाही. म्हणून गावठाणाच्या कडेने परवानगीविनाच घरे वाढली, त्यांना आता सरकारी कागदांतही 'गरजेपोटी बांधलेली घरे' म्हणतात. त्या शब्दातच नियोजनातल्या चुकीची कबुली आहे, असे मला वाटते. जमिनी गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले, तेही नियोजनकारांना आपणहून सुचले म्हणून नव्हे. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी १९८४ मध्ये पाच जण हुतात्मे झाले, आणि त्यानंतर काही वर्षांनी ती योजना आली.

स्वस्त घरांचे थोडक्यात सांगते. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या गृहप्रकल्पात २० टक्के भाग अल्प उत्पन्न आणि दुर्बल गटांच्या लहान घरांसाठी ठेवावा लागतो. नियम चांगला आहे, पण भूखंड ३,९०० मीटरचा असला की तो लागू होत नाही, आणि आपल्याकडे ३,९०० मीटरचे भूखंड किती निघतात हे बघण्यासारखे असते.

आता तुमच्या सभेकडे येते. विकासकाच्या माहितीपत्रकात वाढीव कारपेट, भाडे, कॉर्पस म्हणजे सोसायटीला मिळणारा एकरकमी निधी, आणि दोन गाड्यांची जागा एवढेच आहे, असे बाबा म्हणाले. ते विचारूच नये असे मी म्हणत नाही. आईच्या गुडघ्यांना लिफ्ट हवीच आहे आणि स्लॅबचे पोपडे पडणाऱ्या इमारतीत राहण्याचा हट्ट मी कधी धरणार नाही. पण एक हिशेब करून पाहा. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. आज आपली ४८ घरे, घरटी चार माणसे धरली तर रोजचे २५,९२० लिटर होतात. नवी इमारत १२० घरांची असेल तर तेच ६४,८०० लिटर. तुमच्या गल्लीत अशा पाच सोसायट्या रांगेत आहेत, आणि पाचही जणींच्या सभा याच वर्षी आहेत. प्रत्येक प्रस्ताव स्वतंत्रपणे तपासला जातो, प्रत्येक नियमांत बसतो, आणि पाचांची मिळून बेरीज मात्र कुणाच्या टेबलावर येत नाही. तेव्हा सभेत बाबांनी लेखी विचारावे, की जलवाहिनी आणि मलवाहिनी यांची क्षमता पाचही इमारती धरून तपासली आहे का, आणि वाहिनी बदलायची असल्यास तिचे काम कोणत्या वर्षाच्या अर्थसंकल्पात आहे. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे; तोंडी उत्तर नको.

दुसरी गोष्ट रस्त्याची. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर किती बांधता येईल हे ठरते, पण नकाशावरची रुंदी आणि दोन्ही बाजूंनी गाड्या उभ्या असताना अग्निशमनाच्या बंबाला मिळणारी रुंदी यांत फार अंतर असते. ते अंतर नकाशा करणाऱ्याला दिसत नाही, दारात राहणाऱ्याला दिसते. मी आजवर ज्या सुनावण्यांच्या नोंदी वाचल्या, त्यांत 'आमच्यावर अन्याय झाला आहे' अशा शेकडो हरकती एकाच उत्तराने निकाली निघालेल्या पाहिल्या. मोजमाप, गट क्रमांक आणि छायाचित्र जोडलेली हरकत मात्र इतक्या सहज बाजूला ठेवता येत नाही.

पुढच्या रविवारी सकाळच्या ट्रान्स हार्बरने येते. ऑफिसातली तीस मीटरची टेप सोबत आणीन. बाबांनी टेपचे एक टोक धरावे, आई, तू वहीत आकडे लिही, तुझे अक्षर आमच्या दोघांपेक्षा चांगले आहे. रात्री नऊनंतर मोजू, कारण तेव्हाच सगळ्या गाड्या परत आलेल्या असतात. सभेची सूचना आणि विकासकाने दिलेला नकाशा, दोन्हीच्या झेरॉक्स काढून ठेवा. बाबांची रक्तदाबाची गोळी संपत आली असेल, ती मी येताना घेऊन येते.

तुमची,
ताई