तीन वर्षांनी विमान बंद का पडावं?

कोल्हापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

‘वाडीवर एसटी येईना आणि तुम्ही विमानाला अनुदान मागताय,’ हे तुझं वाक्य मला लागलं. चंदगड, गगनबावड्याच्या वस्त्यांना आधी वेळेवर एसटी हवी, यात वादच नाही. पण छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेचा बराचसा पैसा मोठ्या शहरांमधल्या विमानफेऱ्यांवर लावलेल्या शुल्कातून उभा राहतो. तू मुंबईहून दिल्लीला जातोस ना, त्या फेरीमागे विमान कंपनी ते भरते. छोट्या मार्गावरची तूट भरून काढायला जी रक्कम दिली जाते, तिच्यात राज्याचा वाटा २० टक्के. तेवढ्यासाठी एसटीच्या तोंडचा घास काढला असं म्हणता येत नाही.

आणि हे विमान कोणासाठी, तेही बघ. गडहिंग्लजचा माणूस परळच्या टाटा रुग्णालयात केमो घेऊन परत निघतो. महालक्ष्मी एक्स्प्रेसचं आरक्षण नाही मिळालं तर रात्रभर बसमध्ये अवघडून बसतो, मध्येच उलट्या होतात. सोबतच्या माणसाचा रोजगार बुडतो तो वेगळाच. अशा माणसाला तासाभरात कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरता आलं तर ती चैन म्हणायची का? २०१६ मध्ये योजना आली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये अशी मर्यादा होती, तीही साधारण निम्म्याच जागांना. आजारी माणसाच्या घरचे इतके पैसे कसेबसे जमवतील. ऐनवेळचं बाजारभावाचं तिकीट त्यांच्या आवाक्यातलं नाही.

राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये इथे विमानतळ सुरू केला. पुढे कित्येक वर्षं धावपट्टी ओस पडली. डिसेंबर २०१७ मध्ये उडानमधून मुंबईचं विमान उडालं, तेव्हा किती आनंद झाला होता! ती सेवा टिकली नाही. मग दुसऱ्या कंपन्या आल्या, मार्ग वाढले, मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटनही झालं. इमारत देखणी आहे. पण उद्या विमान असेल का, हे प्रवाशाला आज कळायला हवं.

माझं दुखणं आहे ते मार्गाच्या मदतीला घातलेल्या तीन वर्षांच्या मुदतीचं. सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगचा २०२३ चा अहवाल वाच. उडानच्या पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग मंजूर झाले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी, आणि त्यानंतरही चालू राहिले फक्त ५४. सत्तर-बहात्तर जागांच्या विमानाला वैमानिक, देखभाल, इंधन काही चुकत नाही, आणि तो खर्च थोड्याच तिकिटांवर पडतो. तीन वर्षांनी तो आपोआप कमी कसा होणार?

अमेरिकेत १९७८ मध्ये विमान कंपन्यांवरचं नियंत्रण उठलं, तेव्हा छोट्या गावांची सेवा तुटू नये म्हणून सरकारने मदत सुरू केली. ती आजही चालू आहे. मात्र दर प्रवाशामागे किती पैसा जातो, मोठा विमानतळ किती लांब आहे, हे तिथे तपासतात. आपल्याकडेही तसंच व्हावं. चंदगडकराला बेळगाव जवळ पडतं, तेही हिशोबात धरा. प्रवासीच नसतील तर मार्ग खुशाल बंद करा. पण गरज असेल तिथे कॅलेंडर बघून मदत तोडू नका.

एसटीच्या फेऱ्यांसाठीचं तुझं निवेदन तयार झालं की पाठव, मी इथल्या सह्या गोळा करतो. त्यात विमानाबद्दल चार ओळी घालशील का? पालकमंत्र्यांकडे दोन्ही मागण्या एकत्रच नेऊ.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच