केळवणं अजून बाकी आहेत

प्रिय मनू,

रविवारी मामाकडून निघाल्यावर तू गाडीत एक शब्द बोलली नाहीस आणि स्टँडवर उतरून सरळ पुण्याची एसटी पकडलीस. आई म्हणते फोन करा, पण फोनवर आपलं दोघांचं काय होतं ते तुला माहितीय, म्हणून टाइप करत बसलोय.

तू व्हेगन झालीस, दूध दही तूप सगळं सोडलंस, म्हणून बासुंदीचा विषय काढणार नाही. मामी दुपारपर्यंत दूध आटवत बसली होती एवढंच सांगतो, आणि तुझ्या पानात शेवटी काय, तर भाकरी, वांगं आणि ठेचा. नवरी मुलगी केळवणाला ठेचा भाकरी खाऊन उठली, मला घास गेला नाही.

रेडकाच्या तोंडचं दूध आपण काढून घेतो असं तू पंगतीत बोललीस, ते खोटं नाही गं. रोज पहाटे मीच रेडकू सोडतो, म्हशीनं पान्हा सोडला की त्याला ओढून बाजूला बांधतो आणि धार संपेपर्यंत ते दावं ताणून ओरडत असतं. मला काय दिसत नाही होय? पण दर दहा दिवसाला दूध संघाचं बिल आलं की त्यातनंच तुझ्या होस्टेलचे पैसे गेलेत, मग सगळ्या पाव्हण्यांसमोर ते... असो. खरं सांगू, तू बोलत होतीस तेव्हा मनात असंही आलं की पोरगी कुणाला भ्यायची नाही. पण उपाशी राहिलीस ना.

अण्णांना आठव जरा. जत्रेला घरात बोकड पडायचं, आणि म्हातारा गळ्यात माळ घालून त्याच पंगतीत आपली आमटी भाकरी घेऊन बसायचा. कुणाला मटण सोडा म्हणाले नाहीत. पण कुणाकडे जायचं तर आदल्या दिवशी निरोप असायचा, माळकरी आहे, पातेलं वेगळं ठेवा. एकदा निपाणीच्या पाव्हण्यांनी चुकून रस्सा वाढला, तर ताट सरकवून म्हणाले शेंगदाणे गूळ आणा, आणि तेच खात तंबाखूच्या भावावर गप्पा मारत बसले. उपाशी कुठनं आले नाहीत कधी.

तर आत्याच्या केळवणाआधी तिला मी फोन करू का? पुरणपोळी चालते की तुला, पुरणात डाळ गूळच असतो, फक्त पोळी तेलावर भाजायची, मसालेभातावर तूप सोडायचं नाही, कोशिंबिरीत दह्याऐवजी कूट आणि लिंबू, एवढं आधी सांगितलं की तिला काय जड नाही. पानावर बसून विचारलं की करणारीला नावं ठेवल्यासारखं वाटतं. हॉटेलात पण तेच. व्हेज म्हटलं की पनीर आणतात, जैन म्हटलं की कांदा लसूण काढतात आणि लोणी तसंच. नानच्या पिठात दही, डाळीवर बटर. वेटरला व्हेगन म्हणू नकोस, दूध दही तूप लोणी पनीर एकेक नाव घेऊन सांग. मिसळ बरी, दही नको म्हटलं की झालं. आणि हिरवा ठिपका बघून फसू नकोस, तो दुधाच्या पावडरीवर पण असतो, व्हीवालं हिरवं चिन्ह बघायचं... ते तूच मला दाखवलेलंस की. लेक्चर झालं, सॉरी.

बी ट्वेल्वची गोळी चालू आहे ना?

खरी काळजी सासरची आहे बघ. मामाकडनं रुसून उठलीस तर मामाच आहे तो. तिथं लगेच सत्यनारायण असणार, शिऱ्यात तूप, तीर्थ म्हणून पंचामृत, आणि सगळ्या बायका नव्या सुनेच्या हाताकडे बघत. सुमितराव समजूतदार आहेत, पण त्यांनी आईला सांगितलंय का? नाहीतर मी विहीणबाईंशी बोलतो. नको म्हणशील, माहितीय. तिथं तू पोटभर जेवशील ना, तेवढं सांग मला.

आत्याचं केळवण येत्या रविवारी आहे. तिला फोन मी करू की तू करतेस ते उद्यापर्यंत कळव, तिला किराणा भरायचाय.

पप्पा