धारवाडचं नाव काढलं म्हणून

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

दादाला दारू सोडवायला धारवाडला भरती करायचं म्हटल्यावर बुधवारी बाबांनी फोन ठेवून दिला, म्हणून हे पत्र. फोनवर आपण तिघंही एकदम बोलतो, आईचं रडणं सुरू होतं आणि मुद्दा राहतो बाजूला. पत्राला मध्येच तोडता येत नाही. दोघांनी मिळून वाचा. वहिनीला दाखवलंत तरी चालेल, तिला यातलं सगळं ठाऊक आहे.

बाबा, धारवाड म्हटल्यावर तुम्ही का भडकलात ते मला कळतं. आपल्या येळ्ळुरात कुणी जरा विचित्र वागलं की "धारवाडला धाडायला पायजे ह्याला" असंच म्हणतात. मीही दादाला म्हणायची, माझ्या वहीची पानं फाडून विमानं करायचा तेव्हा. तिथं १८४५ पासून मनोरुग्णालय आहे, म्हणजे ही शिवी आपल्याकडे पाच-सहा पिढ्या चालत आली असणार. आज त्याच जागेवर डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. तिथं दारूचे पेशंट येतात, झोप न लागणारे येतात, बाळंतपणानंतर उदास झालेल्या बायका येतात आणि औषध घेऊन संध्याकाळच्या बसनं घरी जातात.

तुमचं दुसरं कारण तुम्ही बोलला नाहीत. दर १ नोव्हेंबरला काळी फीत लावून फेरीत चालणाऱ्या माणसाच्या मुलानं कन्नड फॉर्म भरून भरती व्हायचं, हे तुमच्या घशाखाली उतरत नाही. बेळगाव कर्नाटकात गेलं म्हणून तुम्ही पाळता तो काळा दिन मी कधी हसण्यावारी नेला नाही. पण दादा उद्यमबागेत लेथवर दिवसभर कन्नडच बोलतो, आणि त्याला झटका आला तो काही मराठीत आला नव्हता.

त्या झटक्याबद्दल नीट लिहायचंय, कारण सगळा निर्णय तिथूनच फिरतो.

कार्तिकीला दादानं दारू सोडायची म्हणून माळ घातली. सोमवारी सकाळी आंघोळ करून, विठ्ठलाच्या देवळात, सगळ्यांसमोर. आई, तू मला फोनवर सांगताना हसत होतीस. मीही हसले. सोमवारी दुपारीच त्याचे हात थरथरायला लागले होते, कपबशी धरता येईना म्हणून वहिनीनं चहा स्टीलच्या तांब्यात दिला. आपण म्हणालो, थंडी आहे. मंगळवारी घामानं बनियन भिजला, रात्रभर डोळा लागला नाही. बुधवारी पहाटे न्हाणीघराच्या दारात तो पडला, दात आवळलेले, हातपाय आखडलेले. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी मुठीत किल्ल्या कोंबल्या, शेजारच्या आजींनी दातांत चमचा घालायचा प्रयत्न केला. नंतर गल्लीत निघालं की माळ घालून चोरून प्याला असणार, म्हणून देवाचा कोप.

कोप वगैरे काही नव्हता, आई. चोरून प्याला असता तर झटका आलाच नसता. न पिल्यामुळे आला.

डॉक्टरांनी मला समजावलं ते मी रस्सीखेचीवरून लक्षात ठेवलंय. दारू मेंदूला रोज एका बाजूला ओढते, मेंदू तग धरायला उलट्या बाजूला जोर लावायला शिकतो. वर्षानुवर्षं दोघंही ओढत राहतात. एके सकाळी दारूनं दोरी सोडली की मेंदू स्वतःच्याच जोरानं पाठीवर आपटतो. शेवटच्या घोटानंतर काही तासांत थरथर, पहिल्या दोन दिवसांत झटका, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो: भिंतीवर मुंग्या दिसतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप चढतो. वेळेवर उपचार नाही झाला तर यात माणूस जातोसुद्धा. ज्याला एकदा झटका येऊन गेलाय त्याला पुढच्या वेळी येण्याची शक्यता जास्त. म्हणून दादानं पुन्हा घरी, नुसत्या निश्चयावर सोडायची नाही. त्याचा निश्चय खरा होता, मी त्यावर शंका घेत नाहीये. (आणि कुणालाही झटका आला तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान बाजूला करा. तोंडात काहीही घालू नका. कांदा आमटीसाठी राहू द्या.)

आता बाबांचा प्रश्न: बेळगावातल्या डॉक्टरांकडे जाऊन-येऊन गोळ्या घेतल्या तर काय बिघडलं? खालच्या गल्लीतल्या काकांची तशीच सुटली की.

सुटली, खरं आहे. पण काका संध्याकाळी एक क्वार्टर घ्यायचे, सकाळी त्यांचे हात स्थिर असायचे, कधी झटका नाही, आणि काकींनी पहिले दहा दिवस गोळ्यांचा डबा कमरेला किल्ली लावून सांभाळला. अशा माणसाला ओपीडी पुरते. दादाचं तसं नाही. तो पहाटे उठून घेतो, नाहीतर लेथवर मायक्रोमीटर धरता येत नाही. आणि आपण पावसाळ्यात ओपीडी करून पाहिलीच आहे. डॉक्टरांनी दारू उतरवायच्या गोळ्या दिल्या होत्या, रोज थोड्या कमी करत न्यायच्या. त्या ठेवल्या कुठं? देवघरातल्या फळीवर. दादानं चौथ्या दिवशी गोळ्या घेतल्या आणि वर दारूही घेतली. त्या रात्री वहिनी त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसली होती. दोन्ही मिळून श्वास मंदावतो, हे तिला कुणी सांगितलंही नव्हतं, तिचं तिलाच कळलं. त्यात ओपीडीची चूक नाही. ओपीडी म्हणजे अर्धा दवाखाना घरात आणायचा, आणि आपल्या घरात तेव्हा तो सांभाळायला कुणी मोकळं नव्हतं. आईचे गुडघे, बाबांचं भात, वहिनीची नोकरी, सोन्याची शाळा.

आई, आणखी एक. तुला दुखवायचं नाही, पण लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ती पुडी. "न सांगता आमटीत घाला, महिन्यात सुटेल" म्हणून कुणीतरी दिलेली. दादा बाहेरून पिऊन आला, जेवला, आणि वीस मिनिटांत तोंड लालबुंद, छाती धडधडतेय, उलट्यांवर उलट्या. तुला वाटलं गुण आला. मी इथं एका डॉक्टरांना विचारलं. त्यांच्या मते ते डायसल्फिराम असावं. ते खरं औषध आहे, घेतल्यावर दारू प्यायली की असाच त्रास होतो, पण पेशंटला सांगून, तपासण्या करून, त्यानं कबूल केल्यावरच द्यायचं असतं. नकळत दिलं तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. उरलेल्या पुड्या कपाटात, साड्यांखाली आहेत ना? टाकून दे. तेव्हापासून दादा घरची आमटी हुंगून खातो, ते तू बघितलं असशील. मी संक्रांतीला आले तेव्हा बघितलं. वाटी नाकाशी नेली, थांबला, मग खाल्ली.

त्याच रात्री माडीवर तो मला म्हणाला, "मी नसलो तर तुमचं सगळ्यांचं बरं चाललं असतं." हे मी फोनवर सांगितलं नव्हतं. दारूच्या भरात म्हणाला असेल असं स्वतःला समजावत राहिले. पण तो त्या दिवशी फारसा प्यायलेला नव्हता. डॉक्टर म्हणतात, दारूनं उदासी येते आणि उदासीनं दारू वाढते. कोण आधी ते पिणं थांबून दोन-चार आठवडे गेल्याशिवाय नीट कळत नाही. ते आठवडे त्याच्यावर नजर हवी. बाबा, भातावर मारायचं औषध माडीवर आहे ते आजच्या आज मळ्यातल्या खोलीत न्या आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. पत्र पुरं वाचायच्या आधी उठून केलंत तरी चालेल.

तर झटका, हे बोलणं, आणि रात्री लक्ष ठेवायला घरात माणूस नाही, एवढ्यावर बेळगावच्या डॉक्टरांनी भरती सांगितली. बेळगावात नाहीतर धारवाडला, म्हणाले, तुम्ही ठरवा.

धारवाड मी ठरवलेलं नाही, दादानं ठरवलंय. बेळगावात राहिलो तर उद्यमबागेतली निम्मी पोरं आणि अख्खं येळ्ळूर शहाळी घेऊन बघायला येईल, मला ते नको, म्हणाला. तुम्हाला ज्या लाजेपायी धारवाड नको, त्याच लाजेपायी त्याला धारवाड हवंय! मला हसू आलं आणि रडूही. शिवाय तिथं दारू आणि मन दोन्ही एका छताखाली बघतात, आणि रस्ता दीड-दोन तासांचा आहे.

बाबा पुण्याचं म्हणत होते. मुक्तांगण हे तिथलं व्यसनमुक्ती केंद्र मला माहीत आहे, १९८६ पासून चाललंय, ३५ दिवसांचा कार्यक्रम असतो, मराठीत असतो. त्याबद्दल माझं काही वाईट मत नाही. पण भरती संपल्यावर खरं काम सुरू होतं. दर आठवड्याला कुणाला तरी तोंड दाखवायचं, पगाराच्या दिवशी काय झालं ते सांगायचं. त्यासाठी दर आठवड्याला येळ्ळुराहून पुण्याला कोण येणार? ते काम बेळगावातच व्हायला हवं, आणि ते मात्र मराठीत व्हावं हा तुमचा हट्ट मला शंभर टक्के मान्य आहे. लेथचा हिशोब कन्नडात होतो, पोटातलं दुःख दादा मराठीतच सांगेल.

आणि ते तीन महिन्यांवालं केंद्र, जिथले लोक रात्री गाडी घेऊन येतात आणि माणसाला उचलून नेतात, त्यांचा नंबर फाडून टाका. मामांच्या ओळखीचा एकजण तिथून आला तो पाठीवर वळ घेऊन आला आणि आठवड्यात पुन्हा प्यायला लागला. कोंडून ठेवल्यानं दारू सुटत असती तर जेलमधून सुटलेले सगळे निर्व्यसनी असते. २००७ साली कर्नाटकात सारायी, म्हणजे देशी दारू, बंद झाली तेव्हा आई, तू गल्लीत साखर वाटली होतीस. सारायी गेली, दारू राहिली. गोव्याहून दारू येते तो चोर्ल्याचा घाट तर तिथंच आहे.

भरती म्हणजे कोंडणं नव्हे. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा आहे, २०१८ पासून लागू. त्यात दारूचे आजारही धरलेत. दादा समजून-उमजून स्वतःच्या सहीनं भरती होणार. घरी जायचं म्हणाला तर सोडावं लागतं. डॉक्टरांना धोका वाटला तर २४ तास थांबवून तपासता येतं, एवढंच. साखळदंड घालायला कायद्यानंच बंदी आहे. पहिल्या दिवसांत गोळ्या नर्सच्या हातून मिळतात, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात (दारूनं ते पार आटलेलं असतं, मेंदूला ते लागतं), नाडी, ताप, थरथर वेळोवेळी बघतात. दारू उतरायला साधारण आठवडा-दहा दिवस. नंतर मनाचं बघून किती राहायचं ते ठरेल. मग घर, आणि बेळगावची ओपीडी, वर्षभर तरी. मधे एखाद्या दिवशी घसरला तर "सगळं पाण्यात गेलं" म्हणू नका, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे न्या. बाबा, हे खास तुम्हाला.

पैशाचं: सरकारी आहे, झेपेल. बाबांच्या पॉलिसीत मानसिक आजार नाकारता येत नाही, पण दारूच्या उपचाराबद्दल वेगळं कलम असू शकतं. एजंटच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका, लेखी मागा.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघते. पहिला आठवडा सोबत मी राहीन, सुट्टी टाकली आहे. तोवर दादाला "आजपासून बंद कर" म्हणून कुणीही सांगायचं नाही. विचित्र वाटेल, पण डॉक्टरांनीच बजावलंय, एकदम बंद करू नका. वहिनीला रात्री भीती वाटली तर १४४१६ ला फोन करायचा, टेली-मानस, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आणि वहिनीला "तुझ्यामुळं पितो" हे वाक्य आता पुरे, आई. ती गेली तर दादाला धरून ठेवणारं कुणी उरणार नाही.

शेवटचं, बाबांसाठी. पेशंटच्या वतीनं डॉक्टरांशी बोलायला एक माणूस नेमायचा असतो, पेशंटनं स्वतः कागदावर लिहून. तुम्ही धोतर इस्त्रीला टाकून तयार राहाल म्हणून आधीच सांगते. दादानं वहिनीचं नाव लिहिलंय. मला वाचून दाखवताना विचारत होता, "बाबा काय म्हणतील?" मी म्हटलं, मी लिहिते त्यांना. तुम्ही शनिवारी सकाळी सात वाजता स्टँडवर या, दादाची पिशवी तुम्ही धरा. तो तुमच्याकडे बघेल.

तुमची
धाकटी