मिरजेच्या डॉक्टरबाईंना आभाराचे पत्र

आदरणीय डॉक्टर,
सादर नमस्कार.

चूळ भरताना पाणी नाकातून बाहेर येते, असे मी सांगितले तेव्हा आपण पेन खाली ठेवून ‘कोणत्या बाजूने?’ एवढेच विचारलेत. माझी वरची अक्कलदाढ सांगलीत ज्या दवाखान्यात काढली, तिथेही मी हेच वारंवार सांगत होते. पण कधी सर्दीच्या गोळ्या हाती पडल्या, तर कधी ‘तुम्ही फार मनाला लावून घेता’ असे ऐकावे लागले.

वरच्या दाढांची मुळे सायनसच्या, म्हणजे गालाच्या हाडात असलेल्या नि नाकाला जोडलेल्या पोकळीच्या, तळाला अगदी लागून असतात, मधले हाड काही जणांत कागदासारखे पातळ असते आणि दाढ निघताना तिथे छिद्र पडू शकते, हे मला आपल्याकडून समजले. २ मिलिमीटरपेक्षा लहान छिद्र बहुधा आपोआप भरते; मोठे उघडे राहिले, तर अन्नपाणी वर जाऊन त्या बाजूचा सायनस पिकतो. असे घडणे हा दर वेळी दाढ काढणाऱ्याचा दोष नसतो, हेही आपण आवर्जून सांगितलेत आणि ते मला मान्य आहे. माझी तक्रार, सांगूनही कोणी तपासले नाही, एवढीच आहे.

गालाच्या आतील त्वचेचा पदर ओढून आपण ते छिद्र बंद केलेत, त्याबद्दल मी ऋणी आहेच. परंतु त्याआधीचा एक क्षण मनातून जात नाही. आपण मला पाण्याचा घोट घ्यायला लावलात आणि ते घाण वासाचे पाणी डाव्या नाकपुडीतून माझ्या साडीवर ओघळले. मी शरमेने तोंड फिरवले. आपण मदतनीस ताईंना हाक न मारता स्वतः गॉज घेऊन माझी हनुवटी पुसलीत आणि म्हणालात, ‘यात लाजण्यासारखे काय आहे? बरे झाले, आता नेमके कळले.’ चारचौघांत जेवणे मी सोडले होते. त्या एका वाक्याने मनावरचे ओझे उतरले.

मिरजेचे मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या डॉ. वॉनलेस यांच्या काळापासून लोक लांबून मिरजेला येतात ते कुशल हातांसाठी. पण रुग्णाचे म्हणणे खरे मानून ऐकणारे माणूस भेटले, की निम्मा धीर तिथेच येतो. नाक शिंकरायचे नाही, शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवायचे, हे आपण माझ्या सासूबाईंनाही शांतपणे समजावलेत आणि त्यांनी ते माझ्याहून काटेकोरपणे पाळून घेतले. पुढच्या तपासणीला त्याही येणार आहेत. त्यांना आपल्याला समक्ष भेटून नमस्कार करायचा आहे.

आपली कृतज्ञ,
विश्रामबाग, सांगली येथील एक रुग्ण